चाखायची चीज

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय प्राचार्य महोदय. व्यासपीठावर बसलेले सर्व मान्यवर. ज्यांच्यासाठी आपण इथे जमलो ते सत्कारमूर्ती, अन्नतंत्र विभागाचे डॉ. राजेश्वर हालगे, आणि त्यांच्या शेजारी, इतका आग्रह करूनही खुर्ची थोडी मागे ओढून बसलेल्या सौ. शिवरंजनीताई; समोरचे प्राध्यापक, कर्मचारी, विद्यार्थी; मानवतची आडत आज बंद ठेवून आलेले आमचे सिताराम शेठ; आणि ज्यांच्या डोक्यावरचा पंखा सकाळपासून बंद आहे ते शेवटच्या रांगांमधले सहनशील श्रोते, आपणा सर्वांना माझा जय भीम आणि नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना मला तोफ म्हटलं. त्यांचे आभार. तोफेची एक अडचण असते, तिला हळू बोलता येत नाही. आणि आज मला हळू बोलायचं आहे. जमेल असं नाही, पण प्रयत्न करते.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मला दारूच्या विरोधात बोलताना ऐकलेलं आहे. चौकात, शाळेत, तहसील कचेरीच्या पायरीवर, एकदा तर लग्नाच्या मांडवात, वरपक्षाची इच्छा नसताना. मग अशा बाईला, ज्यानं उभी हयात वाइन बनवण्यात घालवली त्या माणसाच्या निरोपाला कशासाठी बोलावलं? निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यांनाही ही शंका आली होती म्हणे. त्यांनी राजेश्वरभाऊंना विचारलं, "सर, नक्की का? बाई स्टेजवर काय बोलतील त्याचा नेम नाही." तर राजेश्वरभाऊ म्हणाले, "म्हणूनच."

तर मित्रहो, ते "म्हणूनच" काय आहे, ते आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला माझ्या बोलण्याचा रोख शोधत बसावं लागणार नाही. मागच्या आठवड्यात जेवणाच्या ताटावर राजेश्वरभाऊंनी मला एक प्रश्न विचारला. माझा धाकटा भाऊ, याच विभागातला प्राध्यापक सिद्धोधन वाव्हळे, चार वर्षांपूर्वी गेला. राजेश्वरभाऊंनी विचारलं, "ताई, सिद्धोधनला मी मारलं का?" आणि म्हणाले, "उत्तर इथं देऊ नका. इथं तुम्ही माझ्या ताटावर बसलात, भिडेखातर बोलाल. निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा. हो असेल तर हो सांगा."

अध्यक्ष महोदय, आपण घड्याळाकडे पाहिलंत ते मी पाहिलं. थोडं सांभाळून घ्या. ज्याचा निरोप आहे त्यानंच हा विषय दिलेला आहे.

नव्या विद्यार्थ्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. आपल्या महाविद्यालयाच्या मागच्या हद्दीला, कालव्याच्या कडेनं जांभळाची जुनी झाडं आहेत. जूनमध्ये खाली सडा पडायचा. पोरांच्या चपला जांभळ्या व्हायच्या, बाकी उपयोग शून्य. राजेश्वरभाऊ इथे रुजू झाले, त्यांनी तो सडा पाहिला आणि त्यांच्या डोक्यात एक विचार शिरला. या फळाची वाइन करायची. कमी अल्कोहोलची, औषधासारखी तुरट, घोटभर प्यायची. त्यांचं म्हणणं असं, की माणूस पिणारच. बंदी घाला, तो लपून पिईल, आणि लपून जे प्यायला मिळतं ते विष असतं. त्याच्या हातात काहीतरी चांगलं द्या, चव द्या, ताटासोबत बसून प्यायची सवय द्या, मग तो विषाकडे जाणार नाही. आणि टोपलीत जांभळं घेऊन रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या बायांना भाव मिळेल तो वेगळाच.

यावर मी आणि ते किती भांडलो असू! मी म्हणायचे, "भाऊ, तुम्ही सापाला दूध पाजून गोड करायला निघालात." ते म्हणायचे, "ताई, तुम्ही सापाचं बीळ लिंपता आणि साप घरात आहे." शिवरंजनीताई मध्येच विचारायच्या, "आमटी वाढू का सापाला?"

आता यातली गंमत बघा. हा वाइन करणारा माणूस स्वतः पीत नव्हता. राजेश्वरभाऊंच्या घरची रीत कडक. गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. वडिलांना, नागप्पांना, नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी शब्द दिला होता, करीन पण तोंडाला लावणार नाही. तेव्हा आम्लता यंत्रावर मोजायची, साखर यंत्रावर, अल्कोहोल यंत्रावर. पण चव? चवीला यंत्र नाही. चवीला जीभ लागते. ती जीभ कुणाची? माझ्या भावाची.

आणि माझा भाऊ कुणाचा मुलगा? सरजाबाईचा. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. आमच्या आईनं त्या सगळ्या पाठ केल्या, आणि त्यातली दारू न पिण्याची तर आम्हाला दूध सोडायच्या आधी पाजली. तिला कळलं की सिद्धोधन कॉलेजात वाइन चाखतो. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "बाबासायबांनी नको म्हनलेली गोष्ट करायला कॉलेज लागतंय व्हय रे?"

सिद्धोधन म्हणाला, "आई, मी पीत न्हाई. तोंडात धरतो, चव बघतो अन् थुंकतो. सरकार मला थुंकायचा पगार द्यायलंय."

आई म्हणाली, "मग नीट थुंकत जा."

हसलात ना? मीही हसले होते. वर्षानुवर्षं आमच्या घरात हा विनोद चालला.

तर विभागाच्या चाचणीच्या खोलीत दर साली हा सोहळा व्हायचा. वाइन मुरली की एका संध्याकाळी बाटली उघडायची. सिद्धोधन टेबलाशी. समोर छोटे काचेचे पेले, आणि थुंकायला एक पितळी उगालदान. हे उगालदान शिवरंजनीताईंच्या माहेरचं, बिदरकडचं, पानाचे शौकीन असलेल्या त्यांच्या आजोबांचं. आणि राजेश्वरभाऊ कुठे? खिडकीशी. टेबलाकडे पाठ करून. आपल्या शब्दाची इतकी आण, की आपली वाइन दुसऱ्याच्या तोंडात जातानाही बघायची नाही. खिडकीतून बाहेर जांभळांकडे बघत उभे राहायचे, आणि मागून सिद्धोधन बोलायचा. "सर, पहिल्यांदा लोखंडी तव्यासारखं लागतंय. मग चिंचेचा कोळ. मग एकदम काहीच नाही, आणि गिळल्यावर, म्हणजे गिळलं असतं तर, असं वाटतं की कुणीतरी ओल्या गोणपाटावर जांभळं वाळत घातलीत." पुस्तकात वाइनचं वर्णन करायला फुलं आणि मध असतात. आमच्या सिद्धोधनाकडे तवा आणि गोणपाट होतं. आणि राजेश्वरभाऊ त्या तव्या-गोणपाटावरून पुढच्या साली काय बदलायचं ते ठरवायचे. असं दोघांचं चाललं. एकाचं डोकं, दुसऱ्याची जीभ.

मग हळूहळू माझा भाऊ दारू प्यायला लागला.

हे वाक्य मी पहिल्यांदाच एखाद्या सभागृहात उच्चारते आहे. त्याच्या शोकसभेत, याच सभागृहात, मी पुढच्या रांगेत बसले होते आणि कुणीही ते उच्चारलं नाही. वर्तमानपत्रात आलं, अल्पशा आजाराने निधन. अल्पसा! त्याचं पोट पाण्यानं भरून आलं होतं. डोळे हळदीसारखे. हात इतके थरथरायचे की सहीऐवजी अंगठा द्यायला लागला होता, प्राध्यापक माणूस. सात वर्षं चाललेल्या या आजाराला आपली भाषा अल्पसा म्हणते, आणि आपण सगळे मान खाली घालून ऐकतो.

तो गेला आणि राजेश्वरभाऊंनी वाइन करणं थांबवलं. दुसरा कुणी चाखणारा त्यांनी घेतला नाही. परवानगीची मुदत संपली, ती पुन्हा मागितली नाही. कपाटात सहा सालांची एकेक बाटली उरली. आडवी ठेवलेली. मी एकदा म्हटलं होतं, "भाऊ, आडवी बाटली तर आमची निशाणी." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गावातलं दुकान बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान होतं, तेव्हा चिठ्ठीवर एक उभी बाटली असते आणि एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. आमच्या गावानं ते जिंकलं. त्याच्याकडे मी येतेच.

सेवानिवृत्तीनंतर त्या सहा बाटल्या नियमाप्रमाणे नष्ट करायच्या. म्हणून राजेश्वरभाऊंनी प्राचार्यांकडे एक संध्याकाळ मागितली. कागदोपत्री त्या संध्याकाळचं नाव 'संवेदी मूल्यमापन', म्हणजे चवीची चाचणी, असं आहे. प्राचार्य हसले, म्हणजे त्यांना आठवतंय. त्याच चाचणीच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र अंथरून आम्ही चौघं बसलो. राजेश्वरभाऊ, शिवरंजनीताई, सिताराम शेठ आणि मी. सिताराम शेठ आणि सिद्धोधन शाळेपासून एका बाकावरचे. जेवण शिवरंजनीताईंच्या हातचं. कडक भाकरी, भरली वांगी, येसराची आमटी, तिळाची चटणी. मी पाचवं शील सांभाळते, माझ्यापुढे पाण्याचा पेला.

आधी वाद झाला, जुनी आधी उघडायची की नवी. सिताराम शेठ म्हणाले, "आजोबाला आधी इचारा. नातवाचं काय, ते कवाबी बोलंल." म्हणून जुनी आधी. झाकण निघालं. रंग जांभळा राहिलेला नव्हता, जुन्या विटेसारखा झाला होता. राजेश्वरभाऊंनी दोन पेले भरले. मला वाटलं, दोन्ही सिताराम शेठसाठी. एक त्यांनी स्वतःपुढे ठेवला.

शिवरंजनीताईंचा वाढायचा हात थांबला. "हे काय?"

"आज मी बघणार आहे," ते म्हणाले.

"आप्पांना शब्द दिलाय तुम्ही."

"आप्पांना सांगीन मी, वर गेल्यावर." डावा हात त्यांनी सदऱ्यावरून गळ्यातल्या लिंगावर ठेवला, उजव्यानं पेला उचलला आणि साठ वर्षांच्या आयुष्यातला पहिला घोट घेतला. वीसेक वर्षं जे केलं, ते पहिल्यांदा तोंडात. आम्ही तिघं त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "हे असं असतं होय?"

मित्रहो, मी पुष्कळ वाचलेलं आहे. माणसाचा भ्रमनिरास पुस्तकांत अनेकदा पाहिला. पण "हे असं असतं होय" इतक्या साध्या शब्दांत कुठेच पाहिला नाही.

सिताराम शेठनं आपला पेला एका दमात रिकामा केला. "लय आंबट हाय, सर. पन हाय." मी त्यांच्याकडे उगालदान सरकवलं तर म्हणाले, "थुंकायचं? ते काय गुटखा हाय का, ताई?"

दुसरी बाटली. तिला खरोखर गोणपाटाचा वास होता. मलाही आला, न पिता. राजेश्वरभाऊ हसले. म्हणाले, "बरोबर सांगायचा तो." तिसरी पाणचट. त्या साली ऐन जूनमध्ये पाऊस लागला होता आणि जांभळं फुगली होती. प्रत्येक घोटानंतर ते थोडी भाकरी खात. मला कळेना, हा माणूस आपल्या कष्टाचा आनंद घेतोय का? चेहऱ्यावर आनंद नव्हता. पोलीस पंचनामा करतो तेव्हा जसा चेहरा असतो, तसा होता.

चौथी बाटली सोळा सालची. आठवतं ना ते साल? कालवा कोरडा होता. जांभूळ बोटाच्या पेराएवढं, अर्धी बीच. राजेश्वरभाऊंनी घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. खूप वेळ. सिताराम शेठनं चाखलं आणि पहिल्यांदाच पेला निम्मा भरलेला खाली ठेवला. म्हणाले, "सर, हे येगळं हाय."

राजेश्वरभाऊंनी गिळलं, पेला टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हीच."

"हीच म्हणजे?" मी विचारलं.

"हीच, ताई. या साली तो थुंकायचा थांबला असेल. मी खिडकीकडे तोंड करून होतो. मी पाहिलं नाही. पण हे तोंडात घेतलेला माणूस थुंकणार नाही. थुंकूच शकणार नाही. मी चार वर्षं विचार करतोय, कोणत्या साली झालं ते. आता कळलं." आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी तुम्हाला सुरुवातीला सांगितला.

तुम्हाला या माणसाची कोंडी कळते का? वाइन वाईट निघाली असती, तर आयुष्य वाया गेलं. चांगली निघाली, तर त्यांच्या मते त्यांनीच मित्राला मारलं. हा माणूस आपल्या कामात अव्वल ठरण्याच्या क्षणी स्वतःला आरोपी ठरवून बसला होता.

मग सिताराम शेठ बोलले. त्यांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, "सर, ताई, एक बोलू का? मी सिद्धूसंगं बसलेलो हाय. ठेसनाच्या भायेर, टपरीच्या मागं. एकदा न्हाई, लय बार. मी त्याला म्हनलं, अरे येड्या, तुझ्या कॉलेजात येवढी भारी चीज हाय, अन् तू हितं हे रॉकेलवानी प्यायलास? तर काय म्हनला म्हाईतंय? म्हनला, ती प्यायची चीज न्हाई, सिताराम. ती चाखायची चीज हाय. ती बी प्यालो तर माज्यापाशी उरलं काय?"

मग शिवरंजनीताई बोलल्या, खालच्या आवाजात. माणसाला ताटात काय हवं-नको विचारावं, तशाच आवाजात. "उगालदान माझ्या माहेरचं. शिपायाला मी हात लावू देत नव्हते, मीच धुवायचे. जेवढं पेल्यात ओतलेलं, तेवढं त्यात असायचं. दर साली. शेवटच्या सालीसुद्धा, हात थरथरायचे तेव्हासुद्धा. सिद्धोधनभाऊजींनी तुमच्या वाइनचा थेंब गिळला नाही. तुम्ही खिडकीकडं बघत उभे. मला एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं."

आता तुम्हाला वाटेल, चला, सुटला माणूस. निर्दोष ठरला. मलाही क्षणभर वाटलं. पण राजेश्वरभाऊंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि म्हणाले, "म्हणजे काहीच उपयोग झाला नाही."

त्यांचा सिद्धांत आठवा. हाताशी चांगलं असलं तर माणूस विषाकडे जाणार नाही. अख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात चांगली चीज ज्याच्या जिभेवर होती, तो माणूस ती थुंकून, तोंड धुऊन, टपरीमागे विष प्यायला जात होता. राजेश्वरभाऊंच्या कामाला यापेक्षा मोठा मान कुणी दिला नसेल, आणि यापेक्षा मोठा पराभवही.

आणि माझा सिद्धांत? तो तरी कशाला सुटावा? मी सांगितलं ना, आमच्या गावच्या बायकांनी आडवी बाटली जिंकली. गुलाल उधळला, मी दीड तास बोलले. दुकानाला कुलूप लागलं. दिवाळीपर्यंत तोच माल मोटारसायकलच्या पिशवीतून घरपोच यायला लागला, आणि जास्त वाईट. ज्या बायनाबाईनं पहिला शिक्का मारला, तिनं मला पुढच्या वर्षी विचारलं, "बाई, आधी नवरा दुकानात पडायचा, आता घरात पडायलाय. आमी जितलाव का हारलाव?" मी तिला जे उत्तर दिलं ते इतकं लांब होतं की तिची बस निघून गेली.

माझं मत बदललेलं नाही. दारू वाईट आहे, हे मी आजही तितक्याच जोरानं सांगते, आणि उद्या पुन्हा मतदान असेल तर पुन्हा गावोगाव फिरेन. पण ज्या घरात प्रतिज्ञा पाठ होत्या, त्याच घरातला मुलगा गेला. कायदा होता, व्रत होतं, बहीण वक्ता होती, मित्र शास्त्रज्ञ होता. काय कमी होतं? लोक मला कारण विचारतात. बायकोशी पटत नव्हतं का? बढती अडली होती का? तसं काही नव्हतं हो. कारण सापडलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं, आपल्या घरी ते कारण नाही असं म्हणून तो झोपायला मोकळा होतो. त्याला आजार होता, आणि आपल्याकडे या आजाराचं नाव घ्यायची सोय नाही. क्षयाचं नाव आपण घ्यायला शिकलो. याचं नाही.

एक चिठ्ठी आली आहे. 'कृपया आवरते घ्यावे.' घेते.

पण आवरण्याआधी एक विचारू द्या. या सभागृहातल्या किती जणांना माहीत होतं? हात वर करू नका, मी मोजणार नाही. सकाळी अकरा वाजता त्याच्या तोंडाला वास यायचा, विलायची चघळून लपत नव्हता. त्याच्या वर्गात पोरांनी बाक मागे सरकवले होते. तुम्ही त्याचे तास वाटून घेतलेत, मला माहीत आहे, चांगुलपणानं घेतलेत. साहेबांना कळू नये म्हणून सांभाळलंत. सांभाळलंत, सांभाळलंत, आणि एक दिवस खांदा दिलात. इतक्या सुशिक्षित माणसांपैकी एकानंही त्याच्या समोर बसून म्हटलं नाही, "सिद्धोधन, तू आजारी आहेस, चल, गाडी काढतो." वाईट माणसं नव्हती ही. भिडेची माणसं होती. आपल्याकडे भिडेनं जितकी माणसं मरतात तितकी... जाऊ द्या. ते वाक्य मी पूर्ण केलं तर तोफ होईल.

मी यावर उपाय सांगावा अशी अपेक्षा असते. भाषणाच्या शेवटी उपाय येतो, टाळ्या येतात, मग चहा. विद्यार्थी मित्रांनो, माझ्याकडे उपाय नाही. आयुष्यभर माझ्याकडे होता. आता नाही. ही गोष्ट निरोप समारंभाला शोभत नाही हे मला कळतं. पण खोटी उमेद देऊन मी इथून उतरले तर माझा भाऊ दुसऱ्यांदा अल्पशा आजारानं मरेल.

राजेश्वरभाऊ, आता तुम्ही वर बघा. तुमच्या गळ्यात हार आहे, शाल आहे, आणि तुम्ही सगळा वेळ मांडीवरच्या श्रीफळाकडे बघत आहात. इकडे बघा. तुम्ही मला भिडेखातर बोलू नका म्हणालात. मी भिडेखातर बोलत नाही. सिद्धोधनची मोठी बहीण म्हणून, सरजाबाईची लेक म्हणून, आणि ज्या बाईनं तुमच्याशी इतकी वर्षं या एकाच विषयावर वाद घातला ती बाई म्हणून, सगळ्या सभेला साक्षी ठेवून सांगते. नाही. तुम्ही त्याला मारलं नाही. त्याच्या आयुष्याचा रोज एकेक तुकडा पडत होता, तेव्हा वर्षातली एक संध्याकाळ अशी होती की तो आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून यायचा आणि थरथरत्या हातानं पेला धरून तुमच्याशी खरं बोलायचा. ती संध्याकाळ तुम्ही त्याला दिलीत. ती त्याला वाचवायला पुरली नाही. माझ्याकडचंही काही पुरलं नाही.

हे ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे. आरोप गेला की माणूस मोकळा होतो असं म्हणतात. तसं होत नाही. आरोप होता तेव्हा निदान काहीतरी हातात धरायला होतं. उद्यापासून तुम्हाला कॉलेजात यायचं नाही, आणि सकाळी तो प्रश्नही नसेल. मग काय कराल, मला माहीत नाही. आमच्या घरी या. आपण भांडू. साप, दूध, बीळ, जे हवं ते. तेवढं एक मला अजून करता येतं.

अध्यक्ष महोदयांनी चिठ्ठीनंतरही मला बोलू दिलं, संयोजकांनी धोका पत्करून बोलावलं, शिवरंजनीताईंनी ती एक गोष्ट ऐन वेळी सांगितली, आणि सिताराम शेठनी आपल्या दोस्ताचा शब्द इतकी वर्षं जपून ठेवला, या सर्वांची मी ऋणी आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, एखादा शब्द उणा-अधिक गेला असेल, दहा मिनिटांचे किती झाले ते मी पाहिलेलं नाही, त्याबद्दल मोठ्या मनानं मला माफ करावं. पण माझ्या बोलण्यानं कुणाला दुखलं असेल, तर त्याची मात्र मी माफी मागत नाही. घरी जाईपर्यंत ते दुखू द्या, आणि वाटेत सिद्धोधनसारख्या कुणाचं घर लागत असेल, तर तिथे थोडा वेळ थांबा.

धन्यवाद. जय भीम.